खुर्च्या किती ते नंतर, आधी मुलांची मापे पाठवा
(नाशिकच्या मंडळ्यांना खुले पत्र)

प्रति,
पाळकसाहेब, पास्टरेट कमिट्यांचे व पॅरिश कौन्सिलांचे सभासद, तरुण संघ आणि महिला मंडळे,
नाशिक शहर व जिल्हा

सप्रेम सलाम.

परदेशातल्या एखाद्या ख्रिस्ती संस्थेचा निरोप येतो: दिव्यांग मुलांसाठी व्हीलचेअर द्यायच्या आहेत, किती हव्यात ते कळवा. कमिटीची बैठक बसते. कोणी पन्नास म्हणते, कोणी शंभर, कारण कंटेनर भरायचा तर आकडा लागतो. आकडा ठरला की तारीख ठरते, मांडव ठरतो, पाहुण्यांच्या राहण्याची सोय होते. मुले कोणती, हे मात्र सगळ्यात शेवटी ठरते.

आम्ही खुर्च्यांची मापे घेणारे, त्या मुलांना बसवून देणारे आणि मोडल्या की दुरुस्त करणारे लोक आहोत. आमच्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, सातपूर-अंबडकडचे फॅब्रिकेशनवाले आहेत. काही रविवारी तुमच्याच बाकांवर बसतात, काही बसत नाहीत. या पत्रात एकच मागणी आहे. परदेशी संस्थेला आकडा कळवू नका, प्रत्येक मुलाचा मापाचा कागद पाठवा. जी संस्था म्हणेल की मापांची गरज नाही, आम्ही सगळ्या साइझच्या पाठवतो, तिला नम्रपणे नाही म्हणा.

नाही म्हणणे जड जाते, हे माहीत आहे. फुकट मिळणारी वस्तू, तीही प्रभूच्या नावाने, परत कशी करायची? पण या क्षेत्रात जुन्या असलेल्या संस्था अशा प्रश्नाने रागावत नाहीत. 'जोनी अँड फ्रेंड्स'चा 'व्हील्स फॉर द वर्ल्ड' उपक्रम अमेरिकेत वापरलेल्या खुर्च्या गोळा करतो, त्या तिथल्या तुरुंगांतल्या कार्यशाळांत दुरुस्त होतात, आणि खुर्चीबरोबर थेरपिस्टांची तुकडी येते, ती माणूस बघून खुर्ची बसवते. 'फ्री व्हीलचेअर मिशन' २००१ मध्ये सुरू झाले ते अंगणातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणि सायकलची चाके जोडून. स्वस्त, दणकट, पण सगळ्यांना एकच. पुढे त्यांनाही वेगवेगळ्या मापांची, जुळवता येणारी मॉडेले काढावी लागली. म्हणजे माप मागणे हा उद्धटपणा नाही. देणारे स्वतःच अनुभवाने तिथे पोचले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये कमी साधनांच्या भागांसाठी व्हीलचेअर देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात आठ पायऱ्या आहेत: नोंदणी, तपासणी, कोणती खुर्ची ते लिहून देणे, पैसे व मागणी, खुर्ची तयार करणे, बसवून पाहणे, शिकवणे, आणि देखभाल-दुरुस्ती-पाठपुरावा. २०२३ च्या नव्या तत्त्वांत त्यांच्या चारच ठेवल्या आहेत: निवडणे, बसवणे, शिकवणे, पाठपुरावा. दोन्ही याद्या पाहा. 'वाटप' नावाची पायरी कुठेच नाही, आणि आपल्याकडे बॅनरवर तेवढाच शब्द असतो.

आता माप कसे घ्यायचे ते. हे काम तुमच्या तरुण संघातली चार मुले-मुली दोन रविवारांत शिकू शकतात. सांध्यांची तपासणी तेवढी थेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावी.

मुलाला कडक फळीच्या बाकावर बसवा. गादीवर किंवा आईच्या मांडीवर घेतलेले माप खोटे निघते. पाय टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली विटा लावा. मूल कलंडत असेल तर एकाने मागून दोन्ही हातांनी छाती धरायची, दुसऱ्याने मोजायचे. शिंप्याची कापडी टेप नको, ती अंगाच्या वळणाने फिरते आणि दोन-तीन सेंटीमीटर जास्त दाखवते. लोखंडी टेप घ्या, नितंबांच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुठ्ठे उभे टेकवा आणि पुठ्ठ्यांमधले अंतर मोजा. ही झाली बैठकीची रुंदी. खुर्चीची बैठक तेवढीच हवी, फार तर दोन-तीन सेंटीमीटर जास्त. 'वाढत्या अंगाचे' म्हणून शाळेचा गणवेश घेतात तशी खुर्ची घेऊ नये.

मग पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतचे अंतर, दोन्ही पायांचे वेगवेगळे. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही, अशा) मुलांत एक पाय आखूड भरणे नेहमीचे आहे, कारण कंबर एका बाजूला वळलेली असते किंवा खुबा सरकलेला असतो. जे माप कमी ते धरायचे, आणि त्यातून तीन ते सहा सेंटीमीटर वजा करायचे. खुर्चीत बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची खळी यांत दोन बोटे गेली पाहिजेत. त्यानंतर गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंत, मूल रोज जी चप्पल-बूट घालते ती घालून. मग बैठकीपासून खालच्या बरगडीपर्यंत, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत, खांद्यापर्यंत आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत. शेवटी काखेखाली छातीची रुंदी, ती बाजूच्या आधारांसाठी.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. पण लहान मुलांच्या खुर्च्या जिथे फसतात ती दोन मापे अजून राहिलीच, आणि ती झोपवूनच घ्यावी लागतात. मुलाला सतरंजीवर पाठीवर झोपवा. एक हात कंबरेच्या हाडावर ठेवा, दुसऱ्याने गुडघा वाकवून मांडी हळूहळू पोटाकडे न्या. ज्या क्षणी हाताखालचे हाड हलू लागते, तिथे खुब्याचे वाकणे संपले. हे काटकोनापर्यंत झाले तर ठीक. आधीच अडले, तर काटकोनी खुर्चीत ते मूल बसूच शकत नाही. त्याची कंबर मागे गुंडाळली जाते आणि ते पुढे घसरते. त्याला पाठ मागे झुकवता येणारी खुर्ची हवी. दुसरे माप: मांडी काटकोनात धरून गुडघा सरळ करत न्या. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर गुडघा थोडाच उघडतो आणि लगेच कंबर ओढली जाते. अशा मुलाचे पाय बैठकीच्या पुढच्या कडेच्या थोडे आत, मागे ठेवावे लागतात. बाहेरून येणाऱ्या बहुतेक खुर्च्यांचे पायटे पुढे लांब असतात. पाय तिथे ठेवले की स्नायू कंबरेला पुढे खेचतात आणि मूल घसरते. मग कोणीतरी पट्टा आवळते. मूल रडते, आणि घरचे म्हणतात, 'त्याला खुर्ची आवडत नाही.'

मोठ्यांची साधी खुर्ची सोळा किंवा अठरा इंची असते, म्हणजे बैठक ४१ किंवा ४६ सेंटीमीटर. सहा-सात वर्षांच्या मुलाला पंचवीस सेंटीमीटरच्या आसपासची लागते. उरलेल्या जागेत आजी उशा आणि गोधडी खोचते. तासाभरात उशी सरकते, मूल एका हाताच्या बाजूला कलते, आणि महिनोन् महिने तसेच कललेले राहिले की पाठीचा कणा त्या बाजूला वळत जातो. शिवाय घडीच्या खुर्चीची रेक्झिनची बैठक झोळीसारखी खाली जाते, दोन्ही मांड्या एकमेकींवर येतात. तिच्यावर किमान बारा मिलिमीटरचा प्लायवुडचा पाट आणि त्यावर फोमची गादी हवी. पाटाला खालून दोन पट्ट्या ठोकून तो नळ्यांमध्ये अडकेल असा करावा, नाहीतर चढावर तो गादीसकट मागे सरकतो.

गादीबद्दल थोडे सविस्तर. खाली कडक रीबॉन्डेड फोम, वर ४० डेन्सिटीचा. मूल बसल्यावर बसायच्या हाडांखाली बोटे घालून पाहा. बोटांची टोके पाच मिलिमीटर तरी वरखाली हलली तर ठीक, हलेनात पण निघत असतील तर धोका, अडकून चिमटली तर ती गादी त्या मुलाला देऊच नका. स्पायना बिफिडाच्या (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) किंवा मणक्याला इजा झालेल्या मुलांना तिथे दुखलेले कळत नाही. लाल डाग दिसतो, आठवड्यात फोड येतो, आणि पुढची जखम हाडापर्यंत जाते. अशा मुलाला दर वीस-तीस मिनिटांनी पुढे वाकवून किंवा बाजूला कलवून भार काढायला आई-वडिलांना शिकवावे लागते. शिकवणे म्हणजे सांगणे नाही, त्यांच्याकडून करून घेणे. फोमवर आधी पातळ प्लास्टिकचे आवरण आणि मग कापडी खोळ, खोळी दोन. लघवीने भिजलेला फोम उन्हात कडक होतो, सावलीत वाळवायचा.

पट्ट्यांची गोष्ट जिवाशी आहे. कमरेचा पट्टा मांडी आणि पोट यांच्या सांध्यावरून, बैठकीच्या मागच्या कोपऱ्याकडे तिरका खाली जायला हवा. पाठीच्या नळीला मधोमध बांधलेला पट्टा पोटावर चढतो, आणि मूल घसरले की छातीवर, मग गळ्याशी येतो. छातीचा पट्टा तर कमर पक्की धरल्याशिवाय लावूच नये. घरी ओढणीने किंवा साडीच्या काठाने बांधतात, तेही थांबवायला हवे, पण त्यासाठी आधी मूल का घसरते हे सोडवले पाहिजे. दोन मांड्यांमध्ये जो ठोकळा असतो तो गुडघे लांब ठेवण्यासाठी, घसरणे अडवायला नव्हे. त्याचा तसा वापर झाला की नाजूक जागी जखमा होतात, आणि मूल बोलू शकत नसेल तर कोणाला कळतही नाही.

खुर्ची बसवून झाली की मांडवाकडे न्यायच्या आधी त्या मुलाला तिच्यात चार घास भरवून पाहा. नागलीची पेज, वरणभात, जे घरी खाते ते. डोके मागे कलले तर ठसका लागतो आणि अन्न श्वासनळीत जाते. हनुवटी किंचित खाली असेल तर गिळणे सोपे पडते. खुर्ची बरोबर बसली की नाही, हे चार घासांत जितके कळते तितके फोटोत कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणाचे दोन टप्पे आहेत. २०१२ चा प्राथमिक, तो आधाराशिवाय बसू शकणाऱ्यांसाठी. २०१३ चा मध्यम, तो ज्यांना शरीराला आधार लावावे लागतात त्यांच्यासाठी. तुमच्या यादीतली बहुतेक मुले सेरेब्रल पाल्सीची असतील, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची. पाहुण्यांच्या तुकडीत दुसऱ्या टप्प्याचे काम येणारे किती, हा प्रश्न ईमेलमध्ये सरळ विचारा. एका मुलाला दोन-तीन तास लागतात. मापणारा-बसवणारा अशा दोन जोड्या असतील तर दिवसाला सहा ते आठ मुले होतात, त्यापुढे ओढू नये. म्हणजे पाच दिवसांत तीस-चाळीस. शंभर खुर्च्या एका शनिवारी कशा होतात, ते आम्हाला कोणी समजावून सांगावे.

बायबलमधल्या, पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून येशूकडे घेऊन आलेल्या आणि गर्दीमुळे छप्पर उकरणाऱ्या चौघांचे उदाहरण अशा शिबिरांत हमखास दिले जाते. खाट छपरातून खाली सोडायची, तर भोक खाटेच्या मापाचेच पाडावे लागले असणार. त्यावर कोणी बोलत नाही.

आता जागेचे. सिडकोतल्या तळमजल्यावर चालणारी खुर्ची सुरगाण्याच्या पाड्यावर चालत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इथे पाऊस मोठा, वाट चढ-उताराची, आणि पहिल्या सरीनंतर चिखल. पुढची पाच इंची कडक चाके चिखलात रुततात आणि लहान दगडाला अडली की मूल तोंडावर पडते. पुढचे चाक निदान आठ इंची आणि रुंद हवे. तीन चाकांची लांब खुर्ची, जिचे पुढचे एकच चाक पायांच्या पुढे असते, उतारावर फार सुरक्षित. पण ती घरात वळत नाही. म्हणून मापाच्या कागदावर घराच्याही तीन ओळी असू द्या: दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, आणि पाणी-संडासापर्यंतची वाट कशी आहे. दार साठ सेंटीमीटरचे आणि खुर्ची पासष्टची असेल, तर ती ओट्यावरच राहते, तिच्यावर कपडे वाळतात.

पाठ झुकवणाऱ्या खुर्चीला मागच्या बाजूला उलटण्याविरुद्ध दोन छोट्या टेकूचाकांची गरज असते. शहरात ती अडतात म्हणून काढून ठेवणारे पाहिलेत. चढावर आईच्या हातून खुर्ची मागे उलटते, तेव्हा मुलाचे डोके आधी आपटते.

यानंतर सुट्या भागांचा विषय. नाशिकच्या लोकांना हा लगेच समजेल, कारण हे कारखान्यांचे शहर आहे. अमेरिकेतून आलेल्या खुर्च्यांचे नटबोल्ट पुष्कळदा इंची आट्यांचे असतात. पाव इंची बोल्ट ६.३५ मिलिमीटरचा, आपला एम-६ सहाचा. आपला बोल्ट त्यांच्या नटात सहज जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आठ दिवसांत गळून पडतो. बेअरिंगचेही तेच. मागच्या चाकाचे त्यांचे बेअरिंग अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटर एक्सलचे, बाहेरचा व्यास २८.५७. दुकानदार नमुना बघून ६००१ क्रमांकाचे देतो, ते १२ आणि २८ चे. डोळ्याला फरक दिसत नाही. एक्सल आत जात नाही, म्हणून कोणीतरी तो कानशीने घासतो, आणि मग चाक कायमचे डुगडुगते. पुढच्या छोट्या चाकांना ६०८ क्रमांकाचे बेअरिंग असेल, ८-२२-७ मापाचे, तर काळजी नाही, ते कुठल्याही गल्लीत मिळते.

टायरवर तर '२४' असा आकडा बघून हमखास फसगत. व्हीलचेअरचा २४ गुणिले एक-तीन-अष्टमांश हा टायर ५४० मिलिमीटरच्या रिमवर बसतो. लहान मुलांच्या माउंटन सायकलचा २४ इंचीच टायर ५०७ च्या रिमचा असतो. दोघांत तेहतीस मिलिमीटरचा फरक. म्हणून परदेशी संस्थेला खुर्चीचे चित्र मागू नका, रिमचा तीन आकडी नंबर आणि बेअरिंगचा नंबर मागा. त्यांनी पाठवला नाही तर समजा, मोडल्यावर काय होते ते त्यांनी पाहिलेले नाही.

तीस खुर्च्यांमागे पहिल्या वर्षाला एवढे तरी सोबत यावे किंवा इथे घेऊन ठेवावे: दहा टायर, वीस ट्यूब, बारा पुढची चाके, चाळीस बेअरिंग, दहा खुर्च्यांचे ब्रेक, पन्नास बकले, फोमची सहा शीट. खर्च देणगीतच धरायला सांगा. 'खुर्च्या देऊ, देखभाल तुम्ही बघा' हे वाक्य ऐकले की थांबा. दुरुस्तीची जागा चर्चच्या आवारातली एक खोली पुरते: शिकंजा, पान्यांचे इंची आणि मेट्रिक असे दोन संच, ड्रिल, पंक्चरचे सामान, शिलाई मशीन. नाशिकचे शरणपूर १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवले, पुढे गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे सुतारकाम-लोहारकाम शिकवत. त्यातले कित्येक नंतर मोंबासाजवळच्या वसाहतीत हे हुनर घेऊन परतले. नाशिकच्या मंडळीला पाना आणि रंधा नवा नाही. खरे सांगायचे तर निम्म्या मुलांचे आधार, ट्रे आणि पायटे इथेच, मुलाला समोर बसवून, बाहेरून आणण्यापेक्षा चांगले होतात. परदेशातून सांगाडा, चाके आणि शिकवणारा माणूस येऊ द्या.

कायद्याचे थोडक्यात. परदेशी देणगी म्हणजे फक्त पैसा नव्हे, कंटेनरमधली वस्तूही त्यात धरली जाते. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच ती घ्यायची, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीला देता येत नाही. त्यामुळे 'त्यांच्या नावावर मागवू, वाटू आपण' ही जुनी सोय संपली. पैसे येणार असतील तर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. दुरुस्तीचा खर्च कोणत्या मथळ्याखाली जाईल ते आपल्या सीएला आधीच विचारा. वापरलेल्या खुर्च्या असतील तर जुन्या वस्तूंच्या आयातीवर बंधने आहेत. न्हावा शेव्याला कंटेनर उतरल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो निघायच्या आधी कस्टम एजंटला यादी दाखवा. बंदरात अडलेल्या कंटेनरचे भाडे रोज चढते.

ज्या मुलाचे काम साध्या खुर्चीने भागते, त्याला आधी सरकारी वाट दाखवा. १९८१ पासून दिव्यांगांना साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिच्यातून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची साधने मिळतात, सेरेब्रल पाल्सीची खुर्चीसुद्धा. एकदा साधन घेतल्यावर मोठ्यांना तीन वर्षे थांबावे लागते, बारा वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष. हे पालकांना कोणी सांगत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) नसेल तर तरुण संघाने जिल्हा रुग्णालयाची एक फेरी त्या घरासोबत करावी. परदेशी खुर्ची मग ज्यांना तिथे बसेल असे काही मिळत नाही, त्या अवघड मुलांसाठी राखता येते. मुले शोधायला चर्चची यादी पुरत नाही. आशाताई, अंगणवाडीताई, शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आणि तालुक्यातले विशेष शिक्षक यांना विचारा. जी मुले घराबाहेर दिसतच नाहीत, त्यांची नावे त्यांच्याकडे असतात.

आता जरा नाजूक मुद्दा. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांची आचारसंहिता १९९४ ची आहे. मदतीचा उपयोग धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे नेण्यासाठी करायचा नाही, असे तिच्यात स्पष्ट आहे. तुमची प्रार्थना तुम्ही करा, कोणाची हरकत नाही. पण ती खुर्ची मिळण्याच्या रांगेत, मापाच्या टेबलाजवळ किंवा सहीच्या कागदावर नको. कोकणा, महादेव कोळी, वारली घरातली आई खुर्चीसाठी कशालाही मान हलवेल, आणि ती मान हलवणे म्हणजे श्रद्धा नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पुढे गावात कुजबुज झाली तर त्रास तिलाच. फोटोचेही तसेच: संमतीचा कागद मराठीत, खुर्चीच्या कागदापासून वेगळा, आणि 'नाही' लिहिले तरी खुर्ची मिळते हे आधी सांगून. जमिनीवर सरपटणाऱ्या मुलाचा 'आधी'चा फोटो मागणारे पाहुणे असतात. त्यांना मापाचा कागद दाखवा.

तारखेबद्दल. नाताळचा मोह टाळा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी घरे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात आणि होळीला परत जातात. डिसेंबरात पाड्यावर म्हातारी माणसे भेटतील, किंवा बागेत दिलेली खुर्ची परतीच्या टेम्पोत मावणार नाही. पावसाळ्यात रस्ते नाहीत. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना शहरात गाडी शिरणार नाही. मापे ऑक्टोबरात, घरे खाली उतरायच्या आधी घ्या. खुर्ची होळीनंतर बसवा, म्हणजे पावसाआधी अडीच-तीन महिने वापर होऊन दोष वर येतात. पण मूल वाढते. ऑक्टोबर ते मार्च यांत पाच महिने गेले, म्हणून बसवताना पुन्हा मोजायचेच.

पाठपुराव्याच्या फेऱ्या तीन: महिन्याने, पाऊस संपल्यावर, आणि वर्षाने. पहिल्या फेरीत सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण नवी खुर्ची पहिल्याच महिन्यात सैल होते. हाडांवरची कातडी बघायची, पट्टा कुठून कुठे गेला आहे ते बघायचे. पावसानंतर पुढची बेअरिंगे गंजलेली निघतात, ती बदलायची, आणि फोम दाबून बघायचा. वर्षाने पुन्हा सगळी मापे. खुर्ची लहान झाली असेल तर ती परत आणून दुरुस्त करून पुढच्या मुलाला द्यायची. त्यासाठी पहिल्याच दिवशी प्रत्येक सांगाड्यावर पंचने क्रमांक ठोका, स्टिकर धुऊन जातो. वहीत क्रमांकासमोर दोन फोन लिहा, एक घरचा आणि एक ज्या बागेत काम करतात तिथल्या मुकादमाचा.

तुमच्यापैकी कोणाकडे आत्ता अशा निरोपाचे उत्तर लिहायचे पडले असेल तर एवढे करा. आकड्याची जागा मोकळी ठेवा, आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर एका मुलाचे माप वर सांगितले तसे घेऊन तो कागद जोडा. खाली तीन प्रश्न लिहा: या मुलाला तुमच्याकडची कोणती खुर्ची बसेल, ती बसवायला कोण येईल, तिच्या मागच्या चाकाचा बेअरिंग नंबर काय. उत्तर यायला लागेल तेवढा वेळ लागू द्या. लोखंडी टेप, पुठ्ठे आणि कोऱ्या मापाच्या कागदांचा गठ्ठा आमच्याकडे तयार आहे, मागाल त्या रविवारी घेऊन येऊ.

आपले,
नाशिकमधील खुर्ची मापणारे, बसवणारे व दुरुस्त करणारे